गारांचे चार टक्के

१० मार्च २००४, बुधवार

मागच्या बुधवारच्या पानावर लिहिलंय — "सरांनी सांगितलं म्हणून दरात चार टक्के वाढवले." ते चूक आहे. सरांनी सांगितलं नव्हतं. मी वाढवले. स्वतःहून, कुणालाही न विचारता.

पान फाडणार नाही. खाडाखोडही नको. दुरुस्ती इथेच.

आता नीट लिहिते. पिंपळगावची सोनघड कंपनी. द्राक्षं पॅक करून परदेशी पाठवते. मालक चिमाजी आबा. ९५ साली त्यांनी शेअर विकायला काढले तेव्हा तीनशे अकरा लोकांनी घेतले — बागायतदार, शाळामास्तर, पॅकिंगवरच्या बायका. दहा रुपयाला एक. माझ्या आत्याने तीनशे घेतले. आता आबांना कंपनी पुन्हा पूर्ण घरात घ्यायची आहे. सगळ्यांचे शेअर ते परत विकत घेणार. कितीला, हे एका सीएने सांगायचं. तो सीए म्हणजे आमचे सर. आणि सरांसाठी आकडा काढणारी, सीए व्हायला त्यांच्या हाताखाली तीन वर्षं शिकणारी आर्टिकल क्लार्क म्हणजे मी.

सगळा आकडा एका दरावर उभा असतो. शेअर धरून ठेवणारा माणूस जोखीम घेतो, त्यापोटी त्याने वर्षाला किती टक्के मिळण्याची अपेक्षा धरावी — तो दर. दर मोठा धरला की शेअरची आजची किंमत लहान होते. दर लहान, तर किंमत मोठी.

पुस्तकात रीत दिलेली आहे. सरकारी रोख्यावर बिनधोक ५.२ टक्के मिळतात. शेअर बाजार त्यापेक्षा सरासरी साडेआठ जास्त देतो. सोनघडचा शेअर कुणी बाजारात घेत-विकत नाही, म्हणून तशाच तीन कंपन्यांवरून बीटा काढला — १.१. म्हणजे बाजार शंभर पावलं हलला तर आमची कंपनी एकशेदहा हलणार. साडेआठ गुणिले १.१ — ९.३५. त्यात ५.२ मिळवले. १४.५५. कंपनी दर शेअरमागे वर्षाला आठ रुपये कमावते. आठ भागिले १४.५५ टक्के — पंचावन्न रुपये.

इथे थांबायचं होतं. मी थांबले नाही. वर गारपिटीचे म्हणून चार टक्के चढवले. दर झाला १८.५५. किंमत झाली त्रेचाळीस.

का चढवले, तर आमच्या घरची रीत. लहानपणी आधी कावीळ झाली, मग दमा. चौथीपर्यंत माझी शाळा घरीच. सिंधू आत्याने शिकवलं. ती सोनघडच्याच पॅकिंगवर माल मोजून लिहून घ्यायची. बेरीज, भागाकार, टक्केवारी — सगळं द्राक्षाच्या पेट्यांवर. आणि कुठलंही गणित सुरू करायच्या आधी तिचं ठरलेलं वाक्य — "आधी गारांची पेटी बाजूला." चारातली एक. बागेत उभ्या मालाची एक चौथाई मोजायचीच नाही, ती गारांची. निफाडात घरोघर असंच धरतात. माझा हातच तसा वळलेला आहे.

शीट घेऊन सरांच्या केबिनमध्ये गेले. त्या दिवशी तिथला फोन सारखा वाजत होता. सरांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "गारपिटीचा धोका वेगळा धरलास? व्वा!"

अडीच वर्षांत पहिलं व्वा. मी घरी चालत आले, रिक्षा न करता. इतकी खूश होते.

११ मार्च, गुरुवार

रंगपंचमी. जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाचे दगडी हौद, उघडल्या, सगळं ऑफिस रंगात. सरांनी सुट्टी दिली नव्हती, पण आलं कोण — मी. मला रंगाने धाप लागते.

सोनघडचे कागद फाइलला लावत बसले. कंपनीच्या मॅनेजरने पाठवलेला पुढच्या वर्षांचा अंदाज पुन्हा वाचला. तळाशी बारीक अक्षरात — "मालाच्या वजनातून गारपिटीपोटी २५ टक्के आधीच वजा."

आधीच वजा!

तोही निफाडचाच माणूस. त्यानेही चौथी पेटी बाजूला काढूनच टनाचे आकडे लिहिले होते. ते आठ रुपये गारा धरूनच आलेले. आणि मी त्यांच्यावर पुन्हा गारा पाडल्या.

फाइल बांधून कपाटात ठेवली. किल्ली दोनदा फिरवून बघितली.

१२ मार्च, शुक्रवार

३ तारखेचं काम ज्या फ्लॉपीवर आहे ती पर्समध्ये आहे. उघडायची नाही.

१३ मार्च, शनिवार

ऑफिसातल्या किशोरला विचारलं. तो माझ्याहून एक वर्ष सीनियर, नोव्हेंबरला सीए फायनलचा एक ग्रुप काढला त्याने. परीक्षेचा प्रश्न असल्यासारखं विचारलं — द्राक्षाची कंपनी असेल तर दरात गारपिटीचे जादा टक्के धरायचे का?

तो वडापाव खात होता. "ए स्कॉलर, दलाल स्ट्रीटवर गारा पडतात का?"

"नाही."

"मग बीटात कुठून येतील? बघ — ज्याच्याकडे पन्नास कंपन्यांचे शेअर, त्याची इथली गार तिथल्या कंपनीत भरून निघते. जो धोका असा पसरून जातो त्याचे जादा टक्के बाजार देत नाही. सगळा बाजारच कोसळला तर पळायला जागा नाही — फक्त त्याच धोक्याचे पैसे."

"पण एखाद्या बाईकडे एकाच कंपनीचे शेअर असतील तर? तिच्या डोक्यावर तर गार पडणारच ना?"

"पडेल की. पण ती गार उत्पन्नातून वजा कर. दरात नको. दोन्हीकडे केलीस तर बाईला दोनदा लुटलंस."

लुटलंस. तो सहज बोलला. हात पुसले आणि गेला.

मी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं होतं, उत्तर म्हणून. मग खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

१५ मार्च, सोमवार

सरांना सांगायचं ठरवून गेले होते. केबिनच्या दारात उभी राहिले, तोच ते म्हणाले, "बरं झालं आलीस. सोनघडच्या नोटिसा शुक्रवारीच गेल्या पोस्टाने. सत्तावीस तारखेला सभा. त्रेचाळीस रुपये. आबा तुझी आठवण काढत होते."

"माझी?"

"गारपिटीचा मुद्दा त्यांना फार आवडला. म्हणाले, आमच्या मातीतली पोरगी आहे, तिला कळतं. मुंबईच्या सीएला सुचलं नसतं."

मी म्हणाले, "सर, त्यात एक —"

फोन वाजला. ते बोलत राहिले, मी उभी. फोन ठेवून म्हणाले, "काय म्हणत होतीस?"

"काही नाही सर. चहा सांगू का?"

चहा! चहा सांगू का!

१६ मार्च, मंगळवार

त्रेचाळीस आणि पंचावन्न. बारा रुपये. आबांच्या घराबाहेर चार लाख वीस हजार शेअर आहेत. पन्नास लाखांच्या वर गेलं.

हा गुणाकार करायला पाच दिवस लागले मला. आत्याने असे गुणाकार तोंडी शिकवलेत.

१८ मार्च, गुरुवार

दुपारपासून आभाळ भरून आलंय. ऑफिसातले सगळे खिडकीत. ज्याची त्याची बाग कुठे ना कुठे आहे — पिंपळगाव, ओझर, दिंडोरी. सर फोनवर कुणाला तरी विचारत होते, "तिकडे काय?"

माझ्या मनात काय आलं ते लिहायलाच हवं. मनात आलं — पडू देत. मोठी गारपीट होऊ दे. मग माझे चार टक्के बरोबर ठरतील.

आमची स्वतःची बाग अजून अर्धी उतरायची आहे. माझे वडील, दादा, रोज आभाळाकडे बघत असतील. आणि मी गारा मागत होते.

पाच वाजता आभाळ निवळलं. ऊन पडलं. सगळे हसत जागेवर गेले.

मला स्वतःची किळस आली.

२१ मार्च, रविवार, पाडवा

काल संध्याकाळी निफाडला आले. आज सकाळी गुढी उभारली. आईने पुरण घातलं होतं. आत्या नवी साडी नेसून ओसरीवर बसली होती आणि तिच्यासमोर पॅकिंगवरच्या चार-पाच बायका. मला बघून लंकाबाई म्हणाल्या, "आली बघा, भाव काढणारी!"

मला काही कळेना.

"लाजती काय? गावभर हाय, सोनघडचा भाव सिंधूबाईच्या भाचीनं काढला म्हून. आमी तर वाचलं बी नाय. सिंधूबाई म्हनल्या, पोरीच्या हातचा आकडा हाय, करा सह्या. केल्या."

त्रेचाळीसला शेअर द्यायच्या संमतीचे फॉर्म. आत्याने सगळ्यांचे गोळा करून पिशवीत ठेवले होते. एकवीस. काहींवर सही, काहींवर अंगठा.

एकजण म्हणाली, "माझे शंभरच हायेत बाई. दहाचे त्रेचाळीस झाले, लय झालं!" बाकीच्या हसल्या. "आता हिच्या नवऱ्याला फटफटी येनार!" "कशाची फटफटी? चाक येईल एक!"

मीही हसले. त्यांच्याबरोबर बसून, पुरणपोळी खात, हसले.

दुपारी बायका गेल्यावर आत्याला मागच्या पडवीत नेलं आणि सांगितलं. मॅनेजरची चौथाई, माझे चार टक्के, त्रेचाळीस, पंचावन्न. बीटा मात्र तिला कसा सांगावा कळेना. मग म्हणाले, "आत्या, बाजार पडला तर ही कंपनी किती पडेल, तेवढंच दरात धरायचं असतं. गारा दरात धरायच्या नसतात. त्या पेट्यांतून काढायच्या."

"मंग बरोबर हाय की. आपन पेट्यांतूनच काढतो."

"हो. मी दोन्हीकडून काढल्या."

ती गहू निवडत होती. हात थांबला नाही. मग म्हणाली, "ज्या साली गारा नाय पडल्या, त्या साली ती चौथी पेटी कुठं जायची, ठाव हाय तुला?"

"नाही."

"तुझ्या शाळंला. नाशकाच्या होस्टेलचं पैसं काय आभाळातून पडलं? तुझा बाप म्हनायचा, यंदा हिला घरी ठिवू. मी म्हनायची, गारांची पेटी हाय ना शिल्लक. बाजूला काढलेली पेटी घरातच ऱ्हाती, सायले. ती काय फेकून द्यायची नसती." मग माझ्याकडे बघितलं. "तुझ्या कागदात बाजूला काढली ती कुनाच्या घरी गेली?"

तिला माहीत होतं.

मग पुन्हा म्हणाली, "आन चार का?"

"काय?"

"टक्के चारच का? चारातली एक म्हंजी पंचवीस टक्के. एवढं तर मीच शिकवलं तुला. मंग चार कुठून आलं?"

"असंच... अंदाजाने."

"हं." तिने गहू पाखडले. "कवा कळलं तुला हे?"

"अकरा तारखेला. रंगपंचमीला."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "बायकांना मीच सह्या करायला लावल्या. तुझ्या नावावर." आणि उठून आत गेली.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसले होते. नाशकात द्वारका चौकात उतरायचं विसरले. पुढे महामार्ग स्टँडवर कंडक्टरने उठवलं — "ताई, गाडी इथंच संपती."

२२ मार्च, सोमवार

सांगितलं. सरांना. दार लावून घेतलं, उभ्यानेच सांगितलं, चहाचं नाव काढलं नाही.

"सर, सोनघडमध्ये गारा दोनदा धरल्या गेल्यात. मॅनेजरने वजनात पंचवीस टक्के आधीच कमी केलेत. दरातले चार टक्के चुकीचे आहेत. पंचावन्न यायला हवेत."

सरांनी चष्मा काढला, पुसला. "तुझं म्हणणं बरोबर आहे."

मला वाटलं, संपलं. सुटले!

"मग सर, दुरुस्त करू या?"

"सायली, किंमत ठरवणं म्हणजे मत असतं. माझं मत त्रेचाळीस. दुसऱ्याचं साठ असेल. नोटिसा गेल्यात, आबांनी बँकेत सोय केलीय. आता पंचावन्न म्हटलं तर ते विचारतील, आधीचा आकडा कुणी काढला?"

"मी काढला म्हणून सांगा."

"रिपोर्टवर तुझं नाव नाही. सही माझी आहे." ते आवाज न चढवता बोलत होते. चढवत नाहीतच कधी. "तुला हे कधी कळलं?"

"अकरा तारखेला. फाइल लावताना."

"मग अकरा दिवस काय करत होतीस? नोटिसा बाराला गेल्या. अकराला बोलली असतीस तर थांबवता आल्या असत्या."

त्यांनी चष्मा परत चढवला.

"शनिवारची सभा होऊन जाऊ दे. तुझी आर्टिकलशिप जूनला संपतेय ना? फॉर्म घेऊन ये. सही करून टाकू."

त्यांनी धमकी दिली नाही. सही करतो म्हणाले. तीन वर्षं पुरी केल्याचा तो फॉर्म त्यांच्या सहीशिवाय जात नाही, आणि तो गेल्याशिवाय सीए होता येत नाही, हे दोघांनाही माहीत आहे. घरी मात्र कुणालाच माहीत नाही.

दार उघडून बाहेर आले तर किशोर म्हणाला, "काय गं, पगार वाढला की काय? दार-बिर लावून?"

२३ मार्च, मंगळवार

दुपारी निफाडला, घराशेजारच्या गोरक्षकाकांकडे फोन करून आत्याला बोलावून घेतलं. सरांचं सगळं सांगितलं. माझ्या फॉर्मवरच्या सहीचंही.

"मंग?"

"मला सभेत उभं राहून सांगायचंय. पण मी भागधारक नाही. तू मला तुझ्या वतीने पाठवलंस तरी मला फक्त मत देता येईल, बोलता येणार नाही. कायदाच तसा आहे. परीक्षेसाठी पाठ केलाय."

"मला बोलता येतं का?"

"तुला येतं. तीनशे शेअर आहेत तुझ्या नावावर."

"मंग मी इचारते. गारा दोनदा का, आन चार का. आबाला म्हनते, ज्या पोरीनं काढला तिलाच सांगू द्या. समद्या बायका असतील तिथं, आबा नाय म्हनायचा नाय. बायकांची फॉर्मं माझ्याच पिशवीत हायेत, ती मी अजून दिली नाय."

"आत्या, माझी सही —"

"सहीचं मागून बघू. पेट्या मोजायला तर कुनी बी ठिवील तुला." हसली. रविवारपासून पहिल्यांदा. मग म्हणाली, "फकस्त खरं सांग. सगळं."

फोन ठेवला. काकूंनी विचारलं असेल तिला, काय झालं म्हणून. तिने काय सांगितलं असेल?

सगळं, म्हणाली.

२४ मार्च, बुधवार

"अकरा तारखेला कळलं" — आत्याला सांगितलं, सरांना सांगितलं, इथेही तसंच लिहिलं. दुरुस्ती.

फ्लॉपी उघडली. ३ मार्चच्या तीन शीट आहेत. ११.४० ला — गारांशिवाय. पंचावन्न. १२.१० ला — तीन टक्के. साडेपंचेचाळीस. १२.१५ ला — चार टक्के. त्रेचाळीस. पहिल्या दोन शीटच्या मधे आबांचा फोन आला होता. केबिनचं दार उघडं होतं. सर म्हणत होते, "पंचेचाळीसच्या आत बसेल असं बघतो." मला ऐकू आलं. कुणी मला काही सांगितलं नाही. तीनने बसलं नाही म्हणून मी चार केले. गारांची पेटी नंतर आठवली, विचारलं तर सांगायला.

शनिवार, २७ मार्च, सकाळी अकरा, पिंपळगावची पॅकिंग शेड. आत्या उठून विचारेल — चार का? मी हे पान वाचून दाखवणार.